पार्किंग अर्धं रिकामं, मग गाड्या रस्त्यावर का?

प्रश्न : ताई, आम्ही कळंबोलीत राहतो. सोसायटीसमोरच्या सर्व्हिस रोडवर रात्री दोन्ही बाजूंना ट्रेलर लागतात. पहाटे दूधवाल्याची सायकलसुद्धा जेमतेम निघते. आम्ही लेखी तक्रार केली. उत्तर आलं की, जवळच्या ट्रक पार्किंगची पाहणी झाली आहे, ते ५५ टक्केच भरतं, गाड्या रस्त्यावर लावणं ही चालकांची सवय आहे. हा आकडा खरा मानायचा का? आणि आम्ही रहिवासी स्वतः मोजणी करू शकतो का?
— एक वाचक, कळंबोली

उत्तर : आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांनी मोजलं त्यांना तेवढ्याच गाड्या दिसल्या असतील. तुम्ही फक्त एक गोष्ट विचारा, आणि लेखी विचारा : मोजणी किती वाजता केली? उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात पाहणीचे मूळ तक्ते मागा. अहवाल नको, तक्तेच मागा. तक्त्यावर वेळ लिहिलेली असते.

हे मी अनुभवावरून सांगते. सत्तावीस वर्षं मी वाहतूक पाहणीचंच काम केलं. सुरुवातीला चौकात बसून गाड्यांच्या रेघा मारल्या, नंतर मुलांच्या तुकड्या घेऊन मोजण्या करवल्या. बारा-तेरा वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका पार्किंगची मोजणी माझ्या देखरेखीखाली झाली. काम देणाऱ्यांनी वेळ ठरवून दिली होती, सकाळी १० ते संध्याकाळी ५. मुलं कॉलेजची, रात्रीचा भत्ता मंजूर नाही, म्हणून मीही ती वेळ मान्य केली. अहवालात ‘निम्म्याहून कमी वापर’ असं लिहिलं गेलं आणि जागा वाढवायचा प्रस्ताव बासनात गेला. दोन महिन्यांनी पनवेलहून एका लग्नावरून परतताना रात्री दीड वाजता मी त्याच रस्त्याने आले. पार्किंग फाटकापर्यंत भरलेलं, बाहेर पुलापर्यंत गाड्या. रिक्षा हळू घ्यायला सांगून मी मोजल्या. एका बाजूला त्र्याऐंशी. सही माझी होती त्या अहवालावर. तेव्हापासून रात्री दोनची फेरी नसलेल्या मोजणीवर मी सही केलेली नाही.

रात्रीच गर्दी का होते, तर गाडीची वेळ चालक ठरवत नाही. शहरात अवजड वाहनांना ठरावीक वेळांत बंदी असते, ती उठेपर्यंत गाडी कुठंतरी थांबवावीच लागते. तळोज्यातला कारखाना माल उतरवून घेतो तो सकाळी गेट उघडल्यावर. न्हावा-शेव्याला जहाजाची कट-ऑफ, म्हणजे माल आत देण्याची शेवटची वेळ असते, त्याआधी फॉर्म १३ (कंटेनर बंदरात न्यायचा परवाना) हातात नसेल तर बंदराच्या फाटकावर जाऊन उपयोग नाही. म्हणजे पोहोचायचं वेळेत, पण आधी पोहोचलं तर उभं राहायला जागा हवी. हे सगळं वाट पाहणं रात्री एकावर एक चढतं. तुर्भ्याच्या बाजार समितीचं चक्र वेगळं. भाजीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर आत येतात, सकाळी खाली होतात आणि भर दुपारी चालक गाडीच्या सावलीत झोपलेला असतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याची आवक वाढली की तिथला तक्ता पार बदलतो. त्यामुळे एका ठिकाणची गर्दीची वेळ दुसरीकडे चिकटवून चालत नाही. आधी चोवीस तास बघावं लागतं.

आता टक्क्याकडे येऊ. समजा, एका पार्किंगमध्ये १०० गाड्यांची जागा आहे. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) सकाळी ११ वाजता आत ४५ गाड्या आहेत. रात्री २ वाजता ११८ आहेत, म्हणजे १०० जागांवर आणि १८ मधल्या वाटेत आडव्या. फाटकावरच्या नोंदवहीप्रमाणे दिवसभरात २४० गाड्या आल्या आणि प्रत्येक सरासरी ५ तास थांबली. २४० गुणिले ५ म्हणजे १,२०० गाडी-तास. शंभर जागा चोवीस तास म्हणजे २,४०० गाडी-तास. वापर ५० टक्के, हिशेब बरोबर.

बरोबर आहे, पण पुरा नाही. नोंदवहीला फक्त येणारी गाडी दिसते. आदल्या दिवसापासून आतच उभ्या असलेल्या २० गाड्या तिला दिसतच नाहीत. त्यांचे २० गुणिले २४, म्हणजे ४८० गाडी-तास मिळवा. १,६८० झाले, म्हणजे ७० टक्के. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी पार्किंगभर एक फेरी मारून आरंभीची शिल्लक लिहायची असते. दुकानदार रोजमेळाला आधी शिल्लक मांडतो ना, तसंच.

बघा, एकाच दिवसाचे एकाच जागेचे चार आकडे झाले : ४५, ५०, ७० आणि ११८. चारही खरे. जागा वाढवायची की नाही हे ठरवायला मात्र ११८ हाच आकडा लागतो, कारण रात्री दोन वाजता आलेल्या चालकाला सकाळी अकराची रिकामी जागा देता येत नाही. ज्याला कोणाला सरासरी सांगायची त्याने सांगावी, पण तिच्याशेजारी गर्दीच्या तासाचा आकडा लिहिलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

त्या २० गाड्यांबद्दलही थोडं सांगते. त्यातल्या काही परतीच्या भाड्याची वाट पाहत असतात, काहींचं काम निघालेलं असतं, काहींचा चालक गावी गेलेला असतो. होळीच्या आणि दिवाळीच्या आठवड्यात उत्तरेकडचे चालक गावी जातात आणि गाड्या इथंच राहतात. त्या दिवसांत पार्किंग खच्चून भरलेलं दिसतं, पण विश्रांती घेणारा माणूस आत नसतो. म्हणून सणाच्या आठवड्यात मोजू नका. आणि नंबर लिहा. नुसत्या गाड्या मोजल्या तर संध्याकाळच्या ६० आणि सकाळच्या ६० त्याच होत्या की वेगळ्या, हे कळत नाही. नंबराचे शेवटचे चार आकडे पुरतात. दर तासाला त्याच वाटेने फेरी मारायची आणि चार-चार आकडे लिहीत जायचे. कुठली गाडी किती तास थांबली ते त्यातून आपोआप निघतं.

खालचा आकडा, म्हणजे ‘१०० जागा’, हाही तपासा. जागा कागदावर किती आणि वापरता येण्यासारख्या किती? आखणी दहा चाकी ट्रकची असेल आणि येतात ट्रेलर. चाळीस फुटी कंटेनर, पुढं घोडा (ट्रेलर ओढणारा इंजिन-केबिनचा भाग), असं मिळून पन्नास फुटांच्या वर जातं आणि वळायला जागा लागते ती वेगळी. एक ट्रेलर लागला की शेजारचा पट्टा बाद. कोपऱ्यात भंगार पडलेलं, एका कडेला पावसाळ्यात गुडघाभर पाणी. मी एका ठिकाणी कागदावरच्या जागांपैकी सहावा हिस्सा असा बाद झालेला पाहिला. बाद जागा ‘रिकामी’ म्हणून मोजली की टक्का आपोआप खाली येतो.

आणि मुख्य म्हणजे बाहेरच्या गाड्या. तुमच्या फाटकासमोरचे ट्रेलर त्या ५५ टक्क्यांत नाहीतच. जर्मनीत महामार्गांवरच्या ट्रक पार्किंगची मोजणी रात्री करतात आणि नेमून दिलेल्या जागेबाहेर उभ्या असलेल्या गाड्याही धरतात. २०१८ च्या मोजणीत तिथं सुमारे ७०,८०० जागा होत्या आणि उभ्या गाड्या सुमारे ९४,१००. फक्त आखलेल्या चौकटींत उभ्या गाड्या मोजल्या असत्या तर ही २३ हजारांची तूट कागदावर आलीच नसती, कारण चौकटी जास्तीत जास्त शंभर टक्केच भरणार.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. मोजू शकता, जरूर मोजा. दोन-दोन जणांच्या जोड्या करा. मंगळवार ते गुरुवारमधली एखादी रात्र, एक रविवारची रात्र आणि कामाच्या दिवसाची एक दुपार. सर्व्हिस रोडचे विजेच्या खांबांप्रमाणे तुकडे पाडा आणि खांब क्रमांकासमोर गाड्या लिहा, म्हणजे उद्या कोणी शंका काढली तर जागा दाखवता येईल. गाडी रिकामी की भरलेली, तेही लिहा. पार्किंगची आतली फेरी त्याच तासात व्हायला हवी, त्यासाठी रीतसर परवानगी मागा. मिळाली नाही तर फाटकाबाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजा, तेही चालेल, फक्त आधीपासून आत उभ्या असलेल्या गाड्या त्यात नाहीत हे शेजारी लिहा.

गाडीत माणूस आहे की नाही, हे बाहेरून ओळखता येतं. पायरीवर चपला काढून ठेवलेल्या असतात. समोरच्या काचेला आतून गमछा किंवा चादर लावलेली असते. केबिन आणि कंटेनरच्या मधल्या फटीत दोरीवर बनियन वाळत असते. मागच्या चाकाला दगड लावलेला असेल तर मुक्काम लांबचा. काचेवर धूळ आणि त्यात वायपरची एकही कमान नसेल तर गाडी बरेच दिवस हललेली नाही. ‘माणूस आहे’ आणि ‘माणूस नाही’ असे दोन रकाने करा. या दोन रकान्यांमुळे तुमची मोजणी कुठल्याही विकत घेतलेल्या अहवालाच्या तोडीची होईल.

एक विनंती आहे, ती मी माझ्या प्रत्येक तुकडीला करत आले : झोपलेल्या माणसाला उठवून विचारू नका. आत का गेला नाहीत, हा प्रश्न सकाळी चहाच्या टपरीवर विचारा. उत्तरं ऐकण्यासारखी असतात. मला एकाने सांगितलं होतं, “अंदर गाडी फँस जाती है मॅडम.” चार वाजता सीएफएसचा (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचा) फोन आला आणि पुढं दुसरी गाडी आडवी लागलेली असली तर रांगेतला नंबर गेला. दुसरा म्हणाला, आत डिझेल चोरीला जातं, इथं सोसायटीच्या दिव्याचा उजेड आहे. तिसऱ्याला पंक्चरवाला आणि ढाबा जवळ हवा होता. पार्किंगच्या पैशांचं कारणही येतंच, कारण मालक ते पैसे देतोच असं नाही. ‘सवय’ हे कारण मला आजवर एकाही चालकाने सांगितलेलं नाही. आत उजेड, पाणी, स्वच्छ संडास आणि पहाटे निघायला मोकळी वाट असेल तर यातल्या बऱ्याच गाड्या तुमच्या फाटकासमोरून हलतील. उरलेल्यांना जागाच नाही, त्या कुठंतरी उभ्या राहणारच.

प्रश्न : माझ्या अकरा गाड्या आहेत, सगळ्यांना जीपीएस आहे. मोबाइलवर कुठली गाडी कुठं आणि किती वेळ उभी, सगळं दिसतं. मग रात्री जागून वहीत नंबर लिहिण्याची पद्धत आता जुनी झाली नाही का? परदेशात काय करतात?
— एक वाहतूक व्यावसायिक, तुर्भे

उत्तर : तुमचा जीपीएस फार कामाचा आहे. वर्षभराचं चित्र, सण, पावसाळा, जहाजांची गर्दी हे सगळं त्यात येतं. वहीवाल्याला वर्षातून तीन रात्री परवडतात. पण ज्या गाड्यांना यंत्र आहे त्याच त्यात दिसतात, आणि ज्या कंपनीची माहिती मिळाली तिच्याच. एकट्या मालकाची, स्वतःच चालवणारा, पंधरा वर्षं जुनी दहा चाकी, अशी गाडी त्यात येत नाही. आणि नेमका तोच रस्त्याच्या कडेला झोपतो, कारण पार्किंगचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. तुमच्यासारख्यांच्या गाड्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधला तर तो माणूस हिशेबातून गळतो.

शिवाय उभी गाडी म्हणजे पार्क केलेली गाडी असं यंत्राला वाटतं. शिळफाट्याला किंवा मुंब्रा बायपासला दीड तास कोंडी झाली तर पडद्यावर शेकडो गाड्या ‘थांबलेल्या’ दिसतील. पार्किंगची भिंत आणि सर्व्हिस रोड यांत वीस-पंचवीस फुटांचं अंतर असेल तर गाडी आत आहे की बाहेर, याचाही भरवसा नसतो. फास्टॅगवरून तर गाडी टोलनाक्यावरून गेली एवढंच कळतं.

म्हणून दोन्ही हवं. एका रात्री माणसांनी मोजायचं, त्याच रात्रीचा जीपीएस काढायचा. वहीत १७८ आणि पडद्यावर ४० असतील तर साधारण साडेचारातली एक गाडी यंत्रात दिसते हे कळलं. मग वर्षभराच्या आकड्यांना त्या हिशेबाने वाढवता येतं. हे प्रमाण दर ठिकाणी वेगळं निघतं, बंदराजवळ एक आणि बाजार समितीजवळ दुसरं, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लावू नका.

परदेशाचं विचारलंत. अमेरिकेत २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा ट्रकचालक माल उतरवायच्या ठिकाणी वेळेआधी पोहोचला. थांबायला सुरक्षित जागा नव्हती म्हणून बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला. तिथं लुटारूने त्याला गोळ्या घातल्या, हाती लागले सात डॉलर. त्याच्या पत्नीने पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये त्याच्या नावाचा कायदा झाला. त्या कायद्याने प्रत्येक राज्याकडे ट्रक थांबायला किती जागा आहे, हे मोजणं बंधनकारक केलं. २०१५ च्या पहिल्या अहवालात जागांची मोजदाद होती, आणि चालकांनाही विचारलेलं होतं. चारपैकी तिघांहून अधिक चालकांनी सुरक्षित जागा मिळायला नेहमी अडचण येते असं सांगितलं. २०१९ च्या पाहणीत देशभर सुमारे ३,१३,००० जागा मोजल्या गेल्या, त्यातल्या सरकारी विश्रांतिस्थळांवर जेमतेम ४०,००० होत्या, बाकी खासगी ट्रक थांब्यांवर. हा भाग मला आपल्याकडच्यासाठी महत्त्वाचा वाटतो. आपले ढाबे, पेट्रोल पंपांची मोकळी आवारं, गोदामांसमोरची पटांगणं हीसुद्धा विश्रांतिस्थळंच आहेत आणि ती कुठल्याच यादीत नसतात. तुम्ही व्यवसायात आहात. तुमच्या चालकांना विचारून अशा जागांची यादी केलीत तर माझ्या पत्त्यावर जरूर पाठवा.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर कंटेनरचा ट्रेलर चालवतात. चार-चार दिवस घरी येत नाहीत. फोनवर विचारलं की म्हणतात, पार्किंगलाच आहे, गाडीतच झोपतो. घरी आले की दिवसभर झोपतात, तरी डोळे लालच. ते पार्किंगला असतात म्हणजे त्यांची झोप होते, असं धरायचं का?
— एक भगिनी, उलवे

उत्तर : ताई, हा प्रश्न माझ्या तक्त्यांनी कधी विचारला नाही, आणि विचारायला हवा होता.

पार्किंगमध्ये सहा तास गाडी उभी होती असं आम्ही लिहितो. त्या सहा तासांत काय झालं, ते लिहीत नाही. एकदा मी सीएफएसच्या रांगेशेजारी रात्र काढली. माझ्या समोरच्या चालकाने रात्री साडेअकरापासून पहाटे पाचपर्यंत चौदा वेळा गाडी सुरू केली. पुढची गाडी सरकली की दोन गाड्यांएवढं पुढं, पुन्हा बंद, मान स्टिअरिंगवर. मागचा हॉर्न देतो, पुन्हा सुरू. माझ्या तक्त्यात त्याची नोंद होती : ‘उभी, साडेपाच तास’. त्याला एका दमात अर्धा तासही डोळा लागला नसेल. रांगेतलं थांबणं आणि विश्रांतीचं थांबणं यांची बेरीज एकाच रकान्यात करणं चुकीचं आहे. त्यानंतर मी ‘सलग किती वेळ इंजिन बंद’ असा रकाना सुरू केला.

त्यात आपल्याकडचा मे महिना. पत्र्याची केबिन रात्री बारापर्यंत तापलेली असते. काच उघडली तर डास आणि चोरीची भीती, बंद केली तर घुसमट. मोठ्या ट्रकांना २०२५ पासून कारखान्यातूनच एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण रस्त्यावर आज ज्या गाड्या आहेत त्यातल्या बहुतेक आधीच्या.

नियम नव्हते असं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक तर गल्लोगल्ली आहेत. युरोपात साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं आणि दिवसाची विश्रांती साधारणपणे सलग ११ तासांची धरतात. गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. त्यातला ‘सलग’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर : नाही, तसं धरू नका. त्यांच्याशी भांडूही नका. ते खोटं बोलत नाहीत, ते पार्किंगलाच असतात. त्यांना फोनवर एवढंच विचारा, “किती वाजता बंद केली आणि मध्ये किती वेळा सुरू करावी लागली?” एका आठवड्याचं वहीत लिहा. तारीख, बंद केल्याची वेळ, सुरू केल्याची वेळ, ठिकाण. रांगेत होते की पार्किंगमध्ये, तेही लिहा. आंघोळ आणि संडासची सोय होती का, यासाठी एक खूण. सलग पाच तास इंजिन बंद, असे किती दिवस निघाले ते मोजा. शून्य किंवा एक निघाला तर घरी आल्यावर ती वही त्यांच्यासमोर ठेवा. पुढच्या फेरीआधी एक पूर्ण रात्र मिळावी म्हणून मालकाशी बोलताना ती त्यांना उपयोगी पडेल, कारण हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी थांबून राहिल्याच्या पैशांचा हिशेब मालकाकडे असतो, झोपेचा नसतो.

वहीची प्रत मला पाठवायची असेल तर आधी त्यांना विचारा. आणि पाठवताना गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि कंपनीचं नाव खोडा. मला फक्त वेळा हव्यात.